न्हाणीघरातला खालचा दिवा

सासूबाईंच्या कोपराला खरचटलेलं मला दिसलं ते त्या देवाला फुलं वाहत असताना. "काय झालं?" विचारलं तर म्हणाल्या, "दाराचं लागलं." माझं आयुष्य विम्याच्या कचेरीत गेलं आहे. दाराचं लागलं, जिन्यावर पाय सरकला, असली वाक्यं मी टेबलापलीकडच्या माणसांकडून रोज ऐकते आणि त्यातलं खरं कोणतं ते मला आवाजावरून कळतं. मी हातातलं लाटणं तसंच ठेवलं आणि न्हाणीघर गाठलं. पांढऱ्या टाइल्सवर साबणाची एक लांब, घसरत गेलेली रेघ होती. दारापासून ती चांगली हातभर लांब होती.

सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. झाशीतल्या मुलींच्या एका शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, आणि अजूनही मानिक चौकात एखादी पिकल्या केसांची बाई पुढे येऊन "बहनजी, पहचाना?" म्हणत त्यांच्या पाया पडते. त्या तिच्या तोंडाकडे नीट बघतात आणि म्हणतात, "हाथ बहुत भारी था तुम्हारा, पेंसिल तोड़ती थीं." नाव आठवत नाही, हात आठवतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. सासूबाईंचं सोवळं मात्र पुरतं मराठी आहे. पहाटे अंघोळ करायची आणि पूजा आटपेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हाताचं काही शिवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ, पण तो त्यांनी लग्न झाल्यापासून एक दिवस सोडलेला नाही.

त्या दिवशी मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि उलटतपासणी घेतली. तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

आमच्या न्हाणीघराच्या दिव्याचं बटण आतल्या भिंतीवर होतं. अंघोळ झाल्यावर दिवा बंद करायचा तर त्या बटणाला सगळ्या घराचा हात लागलेला. त्याला बोट लावलं की सोवळं मोडलं. पण ओलं वस्त्र सोवळ्यात चालतं! म्हणून सासूबाई नेसत्या लुगड्याचा ओला पदर बोटाला गुंडाळायच्या आणि त्याने बटण दाबायच्या. पाय अनवाणी, खाली पाणी, बोटाला ओलं कापड आणि समोर वीज. विम्याच्या परीक्षेला धोका म्हणजे काय असा प्रश्न आला असता तर मी एवढंच चित्र काढून दिलं असतं.

"कधीपासून करताय हे?"

"बटण आलं तेव्हापासून."

"आणि झटका नाही बसला कधी?"

"उन्हाळ्यात एकदा हाताला मुंग्या आल्या. खांद्यापर्यंत गेल्या. म्हणून तर दिवा लावणंच सोडलं."

म्हणजे उन्हाळ्यापासून त्या भल्या पहाटे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली असताना, मिट्ट काळोखात अंघोळ करत होत्या. "मला आत सगळं पाठ आहे गं," त्या म्हणाल्या. "साबण तेवढा पाठ नव्हता."

मग माझं तोंड सुटलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाईंनी ते सगळं कोथिंबीर निवडत ऐकून घेतलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो रेल्वेतून निवृत्त झालेला आहे आणि प्रत्येक गोष्टीचा हुकूम काढायची त्याची सवय मात्र अजून नोकरीवर आहे. न्हाणीघरातला जुना दगड काढून त्या पांढऱ्या, चकचकीत टाइल्स त्यानेच निवृत्तीनंतर हौसेने बसवल्या होत्या, त्यामुळे दोष टाइल्सचा असू शकतो हे त्याच्या मनातही आलं नाही. तो म्हणाला, "आई, बस झालं आता. उद्यापासून आतून कडी लावायची नाही. ही स्टूल घेऊन आत बसेल."

ही म्हणजे मी. सासूबाई "बरं" म्हणाल्या.

आमच्या घरात सासूबाई "बरं" म्हणत नाहीत. त्या वाद घालतात, दाखले देतात, मुलाच्या लहानपणचे किस्से काढून त्याला गप्प करतात. ते "बरं" ऐकून मला बरं वाटलं नाही, पण मी स्टूल घेऊन आत बसले. त्या माझ्याकडे पाठ करून, अंग चोरून, चार तांबे घाईने ओतून घ्यायच्या आणि संपवायच्या. त्यांचं अंघोळीतलं स्तोत्र आमच्या घराचं घड्याळ होतं. ते कोणत्या ओळीवर आलं यावरून मी दूध तापत ठेवायची. ते बंदच झालं. मी म्हटलं, "आई, म्हणा ना. मी काय परकी आहे?" त्या म्हणाल्या, "कोणी ऐकायला बसलं की येत नाही."

मग एकदा दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते, तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"मी लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्या होत्या. त्यात सासूसासरे, दीर, नणंदा आणि गुरसरायहून कामानिमित्त झाशीला आलेले पाहुणे. चित्र काढायला जागा नव्हती. रडायला तर नव्हतीच. आख्ख्या घरात आतून कडी लागायची असं एकच दार होतं. सगळा संसार मी त्या कडीच्या जोरावर केला. मला एकटीला अंघोळ करता येत नाही असं ज्या दिवशी ठरेल ना, त्या दिवशी मी म्हातारी झाले. तोवर नाही."

माझा त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे संपला. त्यांच्या पायाशी बसून मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तेल सांडतंय."

रात्री जेवताना त्यांनी मुलाशी सौदा केला. दिवाळी जवळ आली होती. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगापर्यंत त्यांनी मुदत मागितली. तोवर न्हाणीघर असं करायचं की त्यात त्या एकट्या, दार लावून, सुखरूप अंघोळ करू शकतील. "तुला पटलं तर कडी. नाही पटलं तर ही आणि तिचं स्टूल." नवरा कबूल झाला, कारण अभ्यंगाच्या दिवशी अंगाला तेल, फरशीला तेल, त्याहून कठीण परीक्षा वर्षात दुसरी नाही, हे त्यालाही कळत होतं.

त्याने लगेच सीपरी बाजारातून विजेचा मिस्त्री बोलावला. भला माणूस. त्याने आतलं बटण उघडून बघितलं, आतला गंज मला दाखवला आणि कानाला हात लावला. "भाभी जी, अम्मा पर भगवान की कृपा है, और कछु नईं." बटण बाहेर घ्यायचं, अर्थिंग नव्याने करायचं आणि वीज कुठे गळाली तर पापणी लवायच्या आत सगळं बंद पाडणारा ट्रिप बसवायचा, एवढं तर लगेच ठरलं. मग दिव्याचा विषय निघाला. मिस्त्री म्हणाला, "छत में बीस वाट की सफेद लगा देते हैं. सुई गिरे तो सुई दिखेगी."

दिवा लागला. न्हाणीघर असं लखलखलं की नवरा दारात उभा राहून स्वतःच्या टाइल्सवर खूश होऊन हसला. सासूबाई आत गेल्या आणि कपाळावर हाताचा आडोसा धरून लगेच बाहेर आल्या.

"ही अंघोळीची जागा आहे की ऑपरेशनची?"

"आई, आता सगळं दिसतंय ना?"

"काही दिसत नाही. ये इकडे."

त्यांनी साबणाची पांढरी वडी घेतली, मुलाला तोंड फिरवायला सांगितलं, ती खाली कुठेतरी ठेवली आणि म्हणाल्या, "शोध." नवरा वाकला, डोळे बारीक केले, टाइल्सवरची चकाकी न्याहाळत पुढे झाला आणि वडीवर पाय देता देता राहिला. पांढऱ्यावर पांढरं आणि वर पांढरा उजेड. माझीही नजर त्या वडीवरून दोनदा गेली होती. "आणि तुमचे डोळे धड आहेत," सासूबाई म्हणाल्या.

यानंतर त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला न्हाणीघराच्या झरोक्यावर गोधडी बांधायला लावली. आत अंधार झाला. मग पाट मांडून त्या साडीसकट त्यावर बसल्या, लोटाभर पाणी फरशीवर ओतलं, साबण ठेवला आणि माझ्या हातात बॅटरी दिली. तार नको, बॅटरी, असं बजावून. "वर धर." मी वर धरली. "काही नाही. आता खांद्याशी. काही नाही. आता माझ्या मागून." मागून धरली तर त्यांचीच सावली सगळ्या फरशीवर पडली. "बघ, हे असं असतं. दिवा पाठीशी असला की माणूस स्वतःच्या अंधारात अंघोळ करतो." मग म्हणाल्या, "अभ्यंगाला आपण पणती कुठे ठेवतो?"

"कोपऱ्यात. खाली."

"मग खाली धर ना."

मी दाराजवळच्या कोरड्या कोपऱ्यात उकिडवी बसले आणि बॅटरी गुडघ्याच्या उंचीवर आडवी धरली. आणि न्हाणीघर दिसलं! साबणाच्या मागे सावली पडली आणि साबण उठून उभा राहिला. पाण्याची कड चमकली, कुठे ओलं आणि कुठे कोरडं ते वेगळं झालं. मोरीचा उंबरा, ज्याला आम्ही सगळे एकदा तरी ठेचकाळलो आहोत, त्याच्या पलीकडे एक काळी रेघ उमटली.

सासूबाई पाटावर बसून हसत होत्या. "पोरींना जन्मभर हेच सांगितलं मी. उजेड ओतला की वस्तू दिसत नाही, सपाट होते. तिला सावली द्या, मग ती दिसते. दर दिवाळीला पणती मला हेच दाखवत होती आणि मी आपली पूजा करून मोकळी होत होते."

बॅटरीच्या काचेवर त्यांनी हळदीच्या रंगाचा पातळ कागद लावून बघितला, मग काढून, मग पुन्हा लावून. पिवळसर उजेडात टाइल्सची झळझळ कमी झाली आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं. तो उजेड नक्की झाला. मग त्यांनी खडू घेऊन न्हाणीघराच्या दारावर चित्र काढलं: पाट, नळ, उंबरा, दिवा, आणि दिव्यापासून निघालेल्या सरळ रेषा. रेषा मारताना हात जरासुद्धा थरथरला नाही. मी तिथे गोधडी हातात घेऊन उभी होते आणि मला या बाईचा इतका अभिमान वाटला की कोणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं.

मिस्त्रीला चित्र दाखवलं. त्याने ते बराच वेळ बघितलं आणि रास्त शंका काढली. "अम्मा, नीचे लगाएँगे तो छींटे आएँगे. दो सौ बीस वोल्ट नीचे हम नहीं लगाएँगे, आप डाँट लो चाहे."

"नहीं डाँटेंगे. ठीक कह रहे हो. फिर?"

मग त्यानेच तोड काढली. बागेत, जिन्यात लावतात तसा बारा व्होल्टचा छोटा दिवा, आत थेंब शिरणार नाही अशा घट्ट काचेचा. वीज उतरवणारा डबा न्हाणीघराच्या बाहेर, उंचावर. नळासमोरच्या नाही, दाराकडच्या कोरड्या भिंतीत. छतातला दिवाही राहील, पण दुधी काचेआड आणि सौम्य, झाडलोट करायच्या वेळेपुरता. जाता जाता त्याला अजून एक सुचलं. "अम्मा, बटन का झंझट ही खत्म करो. सेंसर लगा देते हैं. आप आओ, जल जाएगी. आप न हिलो, बुझ जाएगी."

"आणि मी पाटावर शांत बसून देवाचं नाव घेतलं तर?"

"तो... बुझ जाएगी, अम्मा."

"म्हणजे स्तोत्र मी नाचत म्हणायचं?" त्यांनी हे मराठीतच विचारलं, पण हातवारे असे केले की मिस्त्री पोट धरून हसला. सेन्सर बाद झाला.

बटण मात्र उरलं. ते बाहेर आलं होतं, सुरक्षित होतं, पण आता तर ते जास्तच सगळ्यांच्या हातचं झालं होतं. मी म्हटलं, "आई, ओला पदर चालणार नाही. बटण बाहेर असलं तरी नाही. यात मी तुमचं ऐकणार नाही." मनातून मी लढाईची तयारी केली होती. सासूबाई उठून आपल्या खोलीत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तळहाताएवढा रेशमी तुकडा होता, कडेला बारीक टाके घातलेला, वर अडकवायला बंद शिवलेला.

तो सासऱ्यांच्या मुकट्याचा होता. मुकटा म्हणजे पूजेला नेसायचं रेशमी सोवळं. सासरे जाऊन खूप वर्षं झाली, पण तो मुकटा घडीत कापूर घालून ट्रंकेत होता आणि त्याला कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"रेशीम कोरडंही सोवळ्यात चालतं," त्या म्हणाल्या. "हात पुसायचे, हे धरायचं आणि बटण दाबायचं. झालं."

"मग हे आधी का नाही सुचलं?"

"सुचलं होतं. कापायला हात होत नव्हता." त्यांनी तो तुकडा बटणाशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि सरळ केला. "ह्यांना रागच आला असता. पण कडी गेलेली त्यांनाही आवडली नसती."

नरकचतुर्दशीची पहाट आली. बाहेर गल्लीत सामसूम होती. शेजारच्या हिंदी घरांना आमचं हे अंधारातलं न्हाणं कधी कळलेलं नाही, त्यांची गंमत दिवे लागल्यावर सुरू होते. मी सासूबाईंच्या पाठीला तेल चोळलं, भरपूर चोळलं, कारण परीक्षकाने तसं बजावलं होतं. परीक्षक खुर्ची टाकून न्हाणीघराबाहेर बसला होता, हातात वर्तमानपत्र, तेही कालचं आणि उलटं.

सासूबाई बटण दाबून आत गेल्या. दार लागलं. मग कडीचा आवाज आला, लोखंडाचा, खणखणीत. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. दाराखालच्या फटीतून पिवळसर उजेडाची एक पट्टी आमच्या पायांपर्यंत आली होती. पाण्याचा आवाज सुरू झाला. मी मोजत होते, एक तांब्या, दुसरा, आणि मग स्तोत्र सुरू झालं. पहिल्या ओळीला आवाज जरा घोगरा होता, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीवरच्या त्या पट्टीकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. दूध तापत ठेवायला मी उठले नाही.

त्या बाहेर आल्या, हात पुसले, रेशमाने बटण बंद केलं आणि मुलाकडे न बघता देवघराकडे चालू लागल्या. निकाल विचारायची त्यांना गरज वाटली नाही. नवरा आपली अंघोळ करायला आत गेला आणि आतूनच ओरडला, "अगं, तेलाचे थेंब दिसतायत इथे! एकेक दिसतोय!" देवघरातली घंटा जरा जोरात वाजली.

शेवटी माझी पाळी. आमच्याकडे अभ्यंगाला सुनेची अंघोळ नेहमी शेवटची आणि नेहमी घाईची, कारण फराळाची ताटं वाट बघत असतात. मी आत गेले. सवयीने दार नुसतं लोटलं, कारण लग्न झाल्यापासून मला अंघोळीतही हाका येतात. मग मी मागे वळले आणि कडी लावली. पाटावर बसले. खालच्या दिव्याच्या उजेडात पाण्यातून वाफ निघत होती, माझे पाय दिसत होते, घंगाळाची सावली भिंतीवर पडली होती. मी तांब्या भरला आणि तसाच हातात धरून बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. कोणी काही मागत नव्हतं.

बाहेरून नवऱ्याची हाक आली, "अगं, झालं का? फराळ खोळंबलाय!"

मी तांब्या उचलला. तेवढ्यात देवघरातून सासूबाईंचा आवाज आला. पूजा चालू असताना त्या कधी बोलत नाहीत.

"हाक मारू नकोस. तिने कडी लावली आहे."